‘चॉप-चॉप’ : एका घाईच्या शब्दाची कुळकथा

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होड्या परतण्याची वेळ झाली म्हणजे जी हालचाल सुरू होते, तिला घाई म्हणावें कीं नाहीं, असा प्रश्न शहरांतून तेथें गेलेल्या मनुष्यास पडल्यावांचून राहत नाहीं. वसईच्या किल्ल्याजवळ, खाडीच्या मुखाशीं वसलेली ही कोळ्यांची वस्ती. होडी दृष्टीच्या टप्प्यांत आली कीं टोपल्या पुढें सरतात, बर्फ फुटूं लागतो, दोर झेलण्यासाठीं माणसें गुडघाभर पाण्यांत उतरतात. हात भराभर चालतात, आवाज चढतात. कोळ्यांची बोली मुळांतच मोकळी व खणखणीत. तांडेल हुकूम सोडतो हेंही खरें. परंतु ज्या दोरासाठीं तो ओरडत असतो, त्या दोराचें एक टोंक त्याच्याच हातांत असतें. सर्वांना घाई करावयास लावणारा धनी वेगळाच आहे. तो म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी.

अशा प्रसंगीं काठावर छत्री घेऊन उभा असलेला एखादा इंग्रजी शिकलेला गृहस्थ टाळ्या वाजवून ‘चॉप-चॉप’ असें म्हणाला, तर काय होईल? शब्दाचा अर्थ कोणाला कळणार नाहीं. परंतु त्याचा सूर मात्र सर्वांना कळेल, आणि तो कोणालाही आवडणार नाहीं. अर्थ न कळतां सूर कळावा, असें या शब्दांत काय आहे, हें समजून घेणें उपयोगाचें आहे. कारण हा शब्द आतां शहरांतील सुशिक्षित घरांत शिरला आहे. इंग्रजी शाळेंत जाणारीं मुलें तो उचलतात, चित्रपटांतून तो कानीं पडतो, आणि सकाळच्या धांदलींत आईच्या तोंडूनही तो सहज निघून जातो.

प्रथम अर्थ पाहूं गेल्यास तो अगदीं सरळ आहे. ‘चॉप-चॉप’ म्हणजे ‘लवकर, लवकर!’ किंवा ‘चला, आटपा!’ हा बोलण्यांतील शब्द आहे, लिहिण्यांतील नव्हे. कचेरीच्या पत्रांत तो शोभत नाहीं आणि अर्जांत तर मुळींच नाहीं. विशेषतः ब्रिटिश लोकांच्या घरगुती बोलींत तो आढळतो. कधीं तो एकटाच उद्गारासारखा येतो, तर कधीं वाक्याच्या शेवटीं क्रियाविशेषण म्हणून जोडला जातो. ‘बूट घाला, चॉप-चॉप!’ असें कोणी म्हणालें, तर बूट घालण्याची क्रिया विनाविलंब व्हावी एवढाच त्याचा आशय असतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाजी चिरणें किंवा लांकूड तोडणें या अर्थाचें जें ‘चॉप’ हें इंग्रजी क्रियापद आहे, त्याचा या शब्दाशीं संबंध नाहीं. सुरी भराभर चालते म्हणून घाईला ‘चॉप-चॉप’ म्हणत असतील, असा तर्क पुष्कळजण करतात. तो ऐकावयास गोड असला तरी खरा नव्हे. हा शब्द विलायतेंत जन्मलेला नसून चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून तेथें गेलेला आहे. कँटनकडील बोलींत त्वरेच्या अर्थीं जो ‘कप्’ किंवा ‘गप्’ असा शब्द आहे, त्याच्या द्विरुक्तीपासून ‘चॉप-चॉप’ झाला, असें कोशकार मानतात. हेन्‍री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनीं हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा जो प्रसिद्ध कोश १८८६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतही या शब्दाची हीच व्युत्पत्ति दिलेली आहे.

ही द्विरुक्ति लक्षांत घेण्याजोगी आहे. इंग्रजींत घाई दाखविण्यासाठीं शब्द दुपटीनें बोलण्याची रीति फारशी रूढ नाहीं. मराठींत मात्र ती घरोघर आहे. भरभर, झपझप, पटपट, चटचट, झटझट हे शब्द उच्चारतांनाच पाउलें वेगानें पडल्याचा भास होतो. म्हणूनच ‘चॉप-चॉप’ हा परका शब्द मराठी कानाला परका वाटत नाहीं. त्याची घडण आशियांतील बोलींची आहे. पेहराव मात्र इंग्रजी आहे.

आतां हा शब्द इंग्रजांच्या हातीं लागला कसा, तें पाहूं गेल्यास बंदरांचा इतिहास उलगडावा लागतो. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपांतील व्यापाऱ्यांना चीनमध्यें कँटन या एकाच बंदरांत व्यापाराची मुभा होती. तेथें चिनी व्यापाऱ्यास इंग्रजी पुरतें येत नसे, आणि इंग्रजास चिनी तर मुळींच येत नसे. व्यवहार तर रोजचा होता. तेव्हां दोघांनीं मिळून एक कामचलाऊ भाषा तयार केली. तिला ‘पिजिन’ म्हणतात. ‘बिझिनेस’ या इंग्रजी शब्दाचा चिनी तोंडांतला उच्चार म्हणजेच ‘पिजिन’, असें बहुधा मानलें जातें. शब्द बहुतेक इंग्रजी, वाक्यांची जुळणी चिनी वळणाची, आणि मधूनमधून पोर्तुगीज व हिंदुस्थानी शब्दांची पेरणी, असें या भाषेचें रूप होतें.

पोर्तुगीज शब्द तेथें कोठून आले, हें वसईकरांना सांगावें लागणार नाहीं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यांत राहिली. त्याच पोर्तुगीजांनीं १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथें ठाणें दिलें. वसई व मकाव हीं दोन्ही बंदरें गोव्याच्या एकाच सत्तेखालीं होतीं, आणि माणसांबरोबर शब्दही त्यांच्यामधून ये-जा करीत. वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा याच मार्गानें पूर्वेकडे गेला, जपानी भाषा शिकला, पुढें धर्मोपदेशकांचा दुभाषी झाला, आणि १५९७ सालीं नागासाकी येथें त्यास क्रुसावर मरण आलें. १८६२ सालीं त्यास संतपद देण्यांत आलें. परक्याची भाषा शिकल्यावांचून परक्या किनाऱ्यावर काम होत नाहीं, हें त्या काळच्या दर्यावर्दी लोकांना पक्कें ठाऊक होतें.

कँटनच्या या बाजारी भाषेंत आपल्या इकडचे शब्दही होते. चिनी अधिकाऱ्यास इंग्रज ‘मँडरिन’ म्हणत. हा शब्द मूळ संस्कृत ‘मंत्री’, तो मलायांतून पोर्तुगीजांकडे व त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला. याहून गंमतीची गोष्ट म्हणजे त्याच बाजारांत ‘चॉप’ असा दुसराही एक शब्द चालत असे. त्याचा अर्थ शिक्का, परवाना किंवा मालावरील खूण असा होता. जहाजास बंदर सोडण्याचा जो सरकारी परवाना मिळे, त्यास ‘ग्रँड चॉप’ म्हणत, आणि पहिल्या प्रतीच्या मालास ‘फर्स्ट चॉप’ म्हणत. हा ‘चॉप’ म्हणजे आपला ‘छाप’च होय. एकाच धक्क्यावर एक ‘चॉप’ हिंदुस्थानांतून गेलेला आणि दुसरा चीनमध्येंच जन्मलेला. उच्चार एक, अर्थ निराळे.

मुंबईचा या बाजाराशीं निकटचा संबंध होता. येथून कापूस जाई, आणि अफूही जाई. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनीं तरुणपणीं व्यापारासाठीं चीनच्या अनेक सफरी केल्या. अफूच्या वादांतून पुढें युद्ध झालें, आणि १८४२ च्या ऑगस्टमध्यें नानकिंगचा तह झाला. त्या तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर. आणि तें जहाज १८१३ सालीं मुंबईच्याच गोदींत बांधलेलें होतें. या तहानें चिनी किनाऱ्यावर इंग्रजांचें वजन फार वाढलें. बाजारांतील देवघेवींत दोन्ही बाजूंनीं बोलला जाणारा ‘चॉप-चॉप’ साहेबाच्या बंगल्यांत नोकरास उद्देशून निघूं लागला, तेव्हां तो एकाच बाजूनें बोलला जाणारा शब्द झाला. नोकर साहेबास ‘चॉप-चॉप’ म्हणूं शकत नव्हता.

या शब्दाचें एक भावंड इंग्रजींत जेवणाच्या ताटाशीं बसलेलें आहे. चिनी लोक ज्या दोन काड्यांनीं जेवतात, त्यांना इंग्रजी खलाशी ‘चॉपस्टिक्स’ म्हणत, असें विल्यम डँपियर या प्रवाशानें १६९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत लिहिलें आहे. यांतील ‘चॉप’ म्हणजे तीच ‘त्वरा’, असें सामान्यतः मानलें जातें. म्हणजे ‘चटपट काड्या’ असा त्याचा अर्थ झाला. खुद्द चिनी भाषेंत या काड्यांना ‘क्वाय-झ’ म्हणतात, आणि ‘क्वाय’ या उच्चाराचा अर्थही ‘जलद’ असाच आहे. या नांवामागें नावाड्यांची एक समजूत आहे. काड्यांना पूर्वीं जो शब्द होता, त्याचा उच्चार ‘थांबणें’ या अर्थाच्या शब्दासारखा होई. नाव चालविणाऱ्यानें जेवतांना ‘थांब’ हा शब्द उच्चारणें अशुभ. म्हणून नावाड्यांनीं तो टाकून त्याच्या उलट अर्थाचा ‘जलद’ हा शब्द घेतला. लू रोंग या पंधराव्या शतकांतील चिनी ग्रंथकारानें ही हकीकत नोंदवून ठेविली आहे. मराठी घरांत ही वृत्ति अनोळखी नाहीं. निघतांना ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणावें, दिवा ‘विझवूं’ नये तर ‘मालवावा’, बांगडी ‘फुटली’ न म्हणतां ‘वाढवली’ म्हणावें, हे त्याच जातीचे संकेत होत.

घाईच्या शब्दांचा हा प्रवास एकाच दिशेनें झाला असें नाहीं. फारसींतील ‘जल्द’ हा शब्द मराठींत ‘जलद’ झाला, हिंदुस्थानींत त्याचें ‘जल्दी’ झालें, आणि हिंदुस्थानांत आलेल्या गोऱ्या शिपायांनीं त्याचें ‘जिल्दी’ करून तो आपल्या बराकींत नेला. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगनें १८९० सालच्या ‘गंगादीन’ या आपल्या कवितेंत तो वापरलेला आहे. तेथें बोलणारा गोरा शिपाई आहे आणि ऐकणारा पखालीनें पाणी पाजणारा हिंदी भिश्ती. कँटनच्या धक्क्यावर जी गोष्ट ‘चॉप-चॉप’ची, तीच छावणींत ‘जल्दी’ची. इंग्रजांनीं पूर्वेकडून घेतलेले हे घाईचे दोन शब्द. दोन्ही त्यांनीं ऐकले ते काम करणाऱ्यांकडून, आणि वापरले तेही काम करणाऱ्यांवरच. आशियांतील माणसास इंग्रजी मनुष्यानें ‘चॉप-चॉप’ म्हणणें आज अनेकांना खटकतें, तें याच इतिहासामुळें. चिनी माणसाशीं बोलतांना तर तो शब्द थट्टेसारखा लागतो, आणि म्हणून तेथें तो टाळणेंच योग्य.

मराठींत या बाबतींत कोणती सोय आहे, तेंही पाहण्यासारखें आहे. आपल्या भाषेंत घाईला एकच शब्द नाहीं. ‘त्वरा’ ही विचारपूर्वक केलेली असते. ‘घाई’ ही मनाची असते. ‘तातडी’ कामाची असते. ‘लगबग’ ही बाहेरून पाहणाऱ्यास दिसणारी, बहुधा आनंदाची हालचाल. ‘धांदल’ म्हटलें कीं तींत गोंधळ आला. ‘तारांबळ’ हा शब्द तर लग्नमुहूर्तावर म्हटल्या जाणाऱ्या ‘ताराबलं’ या मंत्रावरून आला, असें सांगतात. अंतरपाट दूर होण्याच्या त्या क्षणीं मांडवांत जी धांवपळ उडते, ती ज्यानें पाहिली आहे त्यास ही व्युत्पत्ति पटावयास वेळ लागत नाहीं. आणि दुसऱ्यास घाई करावयास सांगतांना मराठी मनुष्य पुष्कळदां घाईचें नांवही घेत नाहीं. चालणाऱ्यास तो ‘पाय उचल’ म्हणतो, काम करणाऱ्यास ‘हात चालव’ म्हणतो, आणि रेंगाळणाऱ्यास ‘आटप’ किंवा ‘उरक’ म्हणतो.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट सामान्य आहे. हीं क्रियापदें आहेत, आणि मराठी क्रियापदास नातें झांकतां येत नाहीं. धाकट्या भावास ‘आटप’, वडिलांस ‘आटपा’, पाहुण्यांस ‘जरा लवकर निघावयाचें का?’ असें बोलावें लागतें. घाई कितीही असली तरी ‘तूं’ कीं ‘तुम्ही’ याचा निर्णय आधीं करावा लागतो, आणि तो निर्णय ऐकणाऱ्यास ताबडतोब कळतो. नुसतें ‘लवकर!’ असें ओरडतां येतें, नाहीं असें नाहीं. परंतु वडील माणसास तसें म्हणणें उद्धटपणाचें आहे, हें मुलास न शिकवितां समजतें.

‘चॉप-चॉप’ला हें बंधन नाहीं. त्यास ‘आप’ नाहीं, ‘तुम्ही’ नाहीं, आणि आर्जवाचें रूपही नाहीं. म्हणून तो वापरणें सोपें वाटतें; परंतु धोका तेथेंच आहे. मराठी क्रियापद जी मर्यादा आपोआप संभाळतें, ती या शब्दापुरती बोलणाऱ्यास स्वतः संभाळावी लागते. समजा, आजी देवपूजा आटोपून जेवावयास येत आहे, आणि शाळेतून आलेला नातू भुकेनें कासावीस होऊन ‘चॉप-चॉप, आजी!’ म्हणाला. आजी हंसेल, कारण नातवाचें प्रेम तिला ठाऊक आहे. तोच मुलगा दुसऱ्या दिवशीं भांडीं घासणाऱ्या बाईंस तेंच म्हणाला, तर त्या हंसणार नाहींत. आणि हंसल्या तरी तें हंसणें वेगळें असेल. मुलानें दोन्ही वेळां एकच शब्द वापरला. परंतु पहिल्या वेळीं तो लाडाचा झाला व दुसऱ्या वेळीं हुकमाचा. मुलास हा फरक कोणी समजावून दिला नाहीं, तर भाषेबरोबर तो एक संवयही शिकतो : जो आपल्यासाठीं काम करतो, त्याला ‘तुम्ही’ म्हणावें लागत नाहीं ही.

तेव्हां या शब्दाच्या वापराचा नियम असा सांगतां येईल. समवयस्क मित्रांत, भावंडांत, आईनें मुलांस हंसत हंसत, किंवा मनुष्यानें स्वतःलाच उद्देशून, ‘चॉप-चॉप’ म्हणावयास हरकत नाहीं. जेथें ऐकणारा उलट तोच शब्द तितक्याच मोकळेपणीं परत म्हणूं शकतो, तेथें तो निर्दोष आहे. उपाहारगृहांतील वाढप्यास, गाडीवानास, घरकाम करणाऱ्यांस, हाताखालच्या कारकुनास आणि वडीलधाऱ्यांस तो म्हणूं नये. तेथें मराठी क्रियापदाचाच आश्रय घ्यावा. तें कमी वेगवान नाहीं, आणि त्यांत माणुसकी अधिक आहे.

आतां पुन्हां पाचूबंदरकडे वळल्यास तेथील घाईचें मर्म ध्यानांत येतें. वसईच्या किनाऱ्यावर डोल नांवाचें जाळें लावतात. हें पिशवीच्या आकाराचें जाळें प्रवाहाकडे तोंड करून समुद्रांत रोंवतात, आणि पाण्याच्या ओढीनें मासळी त्यांत शिरते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं किंवा ओहोटी संपून भरती लागण्यापूर्वीं पाणी थोडा वेळ मंदावतें. तेवढ्या अवधींत जाळें उचलून घ्यावें लागतें. ही वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. आज पहांटे साधलेली संधि कांहीं दिवसांनीं दुपारीं येते. उधाणाच्या दिवसांत ओढ मोठी असते, भांगाच्या दिवसांत कमी. होडी किनाऱ्यास लागली म्हणजे दुसरी घाई सुरू होते. बोंबलाच्या शरीरांत शेंकडा ऐंशींहून अधिक पाणी असतें. तो बर्फांत घालावा किंवा वलांडीवर वाळत टाकावा, मध्यंतरीं त्यास ठेवण्याची सोय नाहीं. होड्यांना आज यंत्रें बसलीं आहेत, तरी ही घाई गेलेली नाहीं.

संस्कृतांत ‘वेला’ या शब्दाचे अर्थ काळ, समुद्राचा किनारा आणि भरती असे तिन्ही आहेत. आपली ‘वेळ’ त्यांतूनच निघाली. इंग्रजींतही भरती-ओहोटीस जो ‘टाइड’ शब्द आहे, त्याचा जुना अर्थ ‘काळ’ हाच होता. समुद्राकांठीं राहणाऱ्या दोन दूरच्या लोकांना वेळ आणि पाणी हीं एकच वाटलीं, यांत नवल नाहीं. पाचूबंदरास दोर ओढणारा जेव्हां ‘लवकर’ म्हणतो, तेव्हां तो त्या पाण्याचा निरोप सांगत असतो. आणि तो निरोप जितका ऐकणाऱ्यास, तितकाच सांगणाऱ्यासही लागू असतो. शहरांतील घरांत ‘चॉप-चॉप’ म्हणण्यापूर्वीं एवढेंच पाहावें कीं, ज्या कामाची घाई आहे त्या कामास आपलाही हात लागलेला आहे कीं नाहीं. तसा तो लागलेला असेल, तर शब्द कोणताही असो, तो सहसा कोणास टोंचत नाहीं.